नाझारेनाने वाचलेली पत्रं

आमच्या गावात पोरं हट्टाला पेटली की आया म्हणायच्या, “थांब, वरच्या घरात नेऊन टाकते.” वरचं घर म्हणजे टेकडीवरचं वेड्यांचं इस्पितळ. मीही त्याच धाकात वाढले आणि सव्विसाव्या वर्षी, १९८६ साली, वही-पेन घेऊन आपल्या पायांनी तिथे चढून गेले. तोवर इस्पितळ बंद होऊन सहा वर्षं झाली होती. बोलोन्याच्या विद्यापीठात माझा प्रबंध चालला होता. आमच्या मार्के प्रांतात युद्धाच्या आगेमागे कोणत्या बायकांना वेडं ठरवलं गेलं, कुणी ठरवलं आणि का, एवढंच मला शोधायचं होतं.

सगळे केसपेपर जुन्या लाँड्रीत रचून ठेवलेले होते आणि किल्ल्या नाझारेना फिलिप्पोनीकडे होत्या. अडतीस वर्षं तिने बायकांच्या वॉर्डात नर्स म्हणून काढली होती. इस्पितळ बंद झाल्यावर सरकारने तिलाच राखण करायला फाटकाजवळच्या दोन खोल्या दिल्या. त्रेसष्ट वर्षांची, मनगटं जाड, बोलणं तोडून. पहिल्या दिवशी मी परवानगीचा कागद पुढे केला तेव्हा तिने तो वाचलासुद्धा नाही.

“कुणाची तू?”

“बाप्टिस्टा न्हाव्याची नात.”

“मग आधी जवाची कॉफी पी. आत थंडी आहे. आणि उंदरांना भिऊ नकोस, तेही म्हातारे झालेत.”

तिची हकिकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली. बाप अर्धेलीने दुसऱ्याचं शेत करायचा. सात भावंडांत ही शेवटून दुसरी. शाळा तिसरीपर्यंत. एकोणिसाव्या वर्षी वरच्या घरात नर्स हवी म्हणून कळलं. अंगात ताकद आणि सही करता येणं, एवढ्या दोनच अटी होत्या. लिहायला ती तिथेच शिकली, तेही नोंदवहीसाठी. मुख्य नन होती सिस्टर कान्दिदा. तिने नव्या पोरींकडून बारा वाक्यं घोटून घेतली होती. शांत आहे. अस्वस्थ, ओरडते. अन्न नाकारते. बांधून ठेवली. अशी.

“आणि एखादी तेराव्याच तऱ्हेने वागली तर?” मी विचारलं.

“तरी लिहायचं त्या बारांतलंच. आम्हाला तेरावं येत कुठे होतं?”

मला तिची गरज होती. डॉक्टरांचं अक्षर, वॉर्डांची टोपणनावं, कोपऱ्यातल्या खुणा, हे सगळं तीच वाचून दाखवू शकत होती. ती चष्मा लावून मोठ्याने वाचायची, मी उतरवून घ्यायची. तीन आठवडे छान चाललं. मग देल्फिनाचा केसपेपर निघाला.

देल्फिना मार्कोलिनी. १९४१ साली चोविसाव्या वर्षी आणली. बाळंतपणात मूल गेलं, नवरा आघाडीवर, ही चार दिवस जेवेना आणि सासूशी बोलेना. सासूने पोलिसपाटलाची सही आणली आणि गाडीत घातली. केसपेपरला टाचून सत्तावीस पत्रं होती, सगळी धाकटी बहीण असुंता हिला लिहिलेली, एकही टपालात न टाकलेली. त्या घरातून पत्र बाहेर जायचंच नाही. डॉक्टर वाचायचा आणि आजाराचा पुरावा म्हणून टाचून ठेवायचा.

पुढे १९४७ च्या मेची नोंद होती. बहीण न्यायला आली आहे. महिन्याची नोंदवही स्वच्छ असेल तर सोडायला हरकत नाही, असं डॉक्टरने लिहिलं होतं. त्याखाली आठवडाभराच्या नोंदी. नाझारेना वाचत होती, “सोमवार, अस्वस्थ, ओरडते. मंगळवार, अस्वस्थ, बांधून ठेवली. बुधवार…” आणि थांबली. मी वाकून पाहिलं. प्रत्येक ओळीखाली दोन अक्षरं होती: एन. एफ.

“चष्मा धुरकटलाय,” ती म्हणाली. चष्मा पुसला नाही, उठून गेली.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला आनंद झाला होता. प्राध्यापकांना फोन केला तर ते म्हणाले, “अहो, हे सोनं आहे सोनं!” मला एक माणूस सापडलं होतं, जिवंत, आणि स्वतःच्या अक्षरासकट.

दुसऱ्या दिवशी ती आपणहून लाँड्रीत आली आणि उभ्याउभ्याच बोलली.

“ती ओरडली नव्हती. एकदाही नाही. ती इथे, या हौदांवर काम करायची. दिवसाला चाळीस चादरी. दुसरी कुणी पंधरासुद्धा करायची नाही. सिस्टर कान्दिदा मला म्हणाली, ही गेली तर चादरी तू धुणार का? मी लिहिलं.”

“तुम्हाला हुकूम होता, नाझारेनाबाई.”

“हुकूम होता. पण फाटकावर जे शब्द बोलले ते माझे. बहीण खेचराची गाडी घेऊन आली होती. तिच्यासाठी हिरवा झगा आणला होता. सिस्टर म्हणाली, पुन्हा येणार नाही असं काहीतरी सांगून ये. मी सांगितलं, देल्फिना म्हणते तुमचं तोंड बघायचं नाही. बहिणीने झगा माझ्या हातात दिला. म्हणाली, निदान हा तरी घालू दे. तो मी कोठीत जमा केला.”

“मग?”

“मग काय? त्रेसष्ट साली न्यूमोनियाने गेली. तोवर चादरी धुतल्या.”

मी म्हटलं, पुस्तकात नुसती आद्याक्षरं घालीन, कुणाला कळणार नाही.

“पूर्ण नाव घाल. अक्षरं पुष्कळांची जुळतात. उगाच वॉर्डातल्या नीना फियोरेत्तीवर जायचं.” आणि लगेच म्हणाली, “पण आधी ही पत्रं तिच्या बहिणीला नेऊन द्यायची.”

दप्तरातला कागद बाहेर नेता येत नव्हता आणि तिथे झेरॉक्सही नव्हतं. मी नियम सांगितला. ती म्हणाली, “कागद सरकारचा असेल पोरी, पत्र बहिणीचं आहे.” दोन दिवस मी तळमळले. मग प्रबंधाला लागतील ती वाक्यं वहीत उतरवून घेतली, सत्तावीस पत्रं पिशवीत घातली आणि तिच्याबरोबर बसमध्ये बसले. चोरीच ती. आजही मला तसंच वाटतं.

असुंता फॉस्सोबियांको नावाच्या वाडीत राहायची. विधवा, सहासष्ट वर्षांची. अंगणात बसून पावट्याच्या शेंगा सोलत होती. नाझारेनाने नाव सांगितलं, कुठून आलो ते सांगितलं आणि पिशवी तिच्यासमोर ठेवली.

असुंताने हात फडक्याला पुसले. “मला वाचता येत नाही. शाळेत ती गेली, मी मेंढरांमागे होते. वाच तूच.”

नाझारेना बारा वाजता वाचायला बसली ती पाच वाजता उठली. पत्रांत विशेष असं काही नव्हतं. माझे बूट सुके ठेव, फाटकाशी चिखल असतो. मका कापला का? पाद्रीबाबांकडून वाचून घे, त्यांना माझं अक्षर लागतं. गाय व्याली का? इथे साबण चांगला नाही, हात फुटतात. अठ्ठेचाळीस सालापासूनच्या पत्रांत एक वाक्य पुन्हा पुन्हा यायला लागलं: मी तुझं काय केलं, ते तरी कळव. शेवटच्या पत्रात तेही नव्हतं. फक्त गायीचं विचारलं होतं.

असुंताच्या हातातली शेंग तशीच राहिली होती.

“फाटकावर एक पोरगी होती,” ती म्हणाली. “तांबूस केसांची.”

“मीच ती,” नाझारेना म्हणाली. “ती तसं म्हणाली नव्हती. मी म्हणाले.”

मला वाटलं, आता म्हातारी काहीतरी फेकून मारणार. कोंबड्या पायांत घोटाळत होत्या, त्यांना तिने हाकललं. मग म्हणाली, “एकोणचाळीस वर्षं मी तिला शिव्या दिल्या. मेल्याची बातमी आली तेव्हासुद्धा मी गेले नाही. म्हटलं, तोंड बघायचं नव्हतं ना तिला.”

“मला माफी नकोय,” नाझारेना म्हणाली.

“देतंय कोण तुला? पत्रं ठेव आणि चालती हो.” आम्ही वाटेला लागलो तर मागून तिचा आवाज आला, “गुरुवारी ये. मला पहिल्यापासून ऐकायचीत. माझ्याकडे दुसरं कोण आहे वाचणारं?”

तेव्हापासून नाझारेना दर गुरुवारी बसने फॉस्सोबियांकोला जायची. वाचायची आणि परत यायची. असुंताने तिला कधी खुर्ची दिली नाही, ती पायरीवर बसायची. पाण्याचा पेला मात्र भरून ठेवलेला असायचा.

अठ्ठ्याऐंशी साली माझा प्रबंध पुस्तक होऊन निघाला. तिचं पूर्ण नाव होतं. गावात अर्ध्या घरांत कुणी ना कुणी वरच्या घरात नोकरी केलेली. कुणाची आई, कुणाचा काका. बेकरीत बायका तिच्याकडे पाठ करून उभ्या राहायला लागल्या. नीना फियोरेत्ती, अठ्ठावीस वर्षं तिच्याबरोबर ड्यूटी केलेली, चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांदेखत म्हणाली, “तू एकटीच संतीण झालीस, आणि आम्ही डाकिणी? गाडलेली मढी उकरून काय मिळालं गं तुला?”

“काही नाही मिळालं,” नाझारेना म्हणाली. “तुझ्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही, नीना.”

“म्हणूनच तर सगळे विचारतात, हिचं का लपवलं!”

भाच्याने घरी येऊन भांडी आपटली. पुढल्या वर्षी फाटकाजवळच्या दोन खोल्या सोडायची नोटीस आली. कारण लिहिलं होतं, छताची दुरुस्ती. छत अजून तसंच आहे. नाझारेना खालच्या गल्लीत एका खोलीत राहायला गेली. त्याच पुस्तकावर मला मात्र बोलोन्याला नोकरी लागली.

पुस्तक असुंताच्या मुलापर्यंतही पोचलं. तार्चिझिओ त्याचं नाव. ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. मावशी वेडी होती हे त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. आता ते छापून आलं, तेही आडनावासकट. एका बुधवारी त्याने आईच्या उशाखालची पत्रं काढली आणि चुलीत घातली. गुरुवारी नाझारेना गेली तेव्हा असुंता अंगणात नव्हती, चुलीपुढे बसली होती.

हे मला नाझारेनाने फोनवर सांगितलं. मी घाईघाईने माझी वही काढली. वहीत वाक्यं होती ती प्रबंधाच्या उपयोगाची: हात फुटण्याचं, बांधून ठेवण्याचं, ‘मी तुझं काय केलं’. बूट नव्हते, मका नव्हता, गाय नव्हती. त्यांच्यापुढे मी तेव्हा ‘इतर घरगुती मजकूर’ एवढंच लिहून ठेवलं होतं.

मी आले, वही घेऊन गुरुवारी नाझारेनाबरोबर फॉस्सोबियांकोला गेले. असुंताने ऐकून घेतलं आणि मान हलवली. “हे तिचं नाही. हे तुझं आहे.” मग पायरीवरच्या नाझारेनाकडे बघून म्हणाली, “दोन वर्षं वाचतेस. पाठ झाली असतील की. म्हण.”

नाझारेनाने डोळे मिटले आणि पहिलं पत्र म्हणायला लागली. दोनतीन वाक्यांनंतर असुंता मध्येच बोलली, “चुकलीस. बूट आधी, मग मका.”

“बूट आधी,” नाझारेना म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

एकीने लिहिलं होतं आणि दोघींच्या तोंडी राहिलं होतं. मी टेपरेकॉर्डर आणायचं सुचवलं. नाझारेनाने मला बसपर्यंत सोडताना सांगितलं, “तू आपलं काम केलंस, पोरी. चांगलं केलंस. आता यात येऊ नकोस.”

असं आणखी तीन हिवाळे चाललं. ब्याण्णव सालच्या फेब्रुवारीत असुंता गेली. तार्चिझिओने नाझारेनाला चर्चच्या दारातूनच परत पाठवलं. ती समोरच्या कुंपणाशी उभी राहिली, गाडी जाईपर्यंत. त्यानंतर मी तिला एकदा, फक्त एकदा, विचारलं, निदान एक तरी पत्र सांगा, लिहून ठेवते. ती म्हणाली, “ऐकणारी गेली. आता कुणासाठी?” त्या पत्रांतलं जे माझ्या वहीत नव्हतं, ते गेलं.

शेवटची दोन वर्षं ती वृद्धाश्रमात होती. मी सुट्टीत जायची, बडीशेपेची बिस्किटं न्यायची. ती गुडघ्यांबद्दल बोलायची, जेवणात मीठ कमी असतं म्हणायची. माझ्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मी एक प्रत नेली. तिने आपलं नाव असलेलं पान काढलं, बोट ठेवून वाचलं आणि म्हणाली, “फिलिप्पोनीत एक ‘प’ कमी पडलाय.” खरंच पडला होता.

सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये ती वारली. अंत्यविधीला आम्ही सात जण होतो. भाचा आला, उभा राहिला आणि लवकर गेला. नीना आली नाही. मागच्या बाकावर एक ठेंगणी बाई बसली होती, डोक्याला रुमाल, पायांत पुरुषी बूट. मी ओळखलं नाही. बाहेर पडताना मी जवळ गेले आणि विचारलं, तुम्ही त्यांच्या नात्यातल्या का?

“छे. मी इजोलिना. चार नंबरच्या वॉर्डातली. सव्वीस वर्षं होते.”

“मग तुम्ही कशा आलात?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी भलतं विचारलं.

“ती मारायची नाही,” ती म्हणाली. “बाकीच्या मारायच्या.”