बाणावर ठेवलेला बाण

खाणीच्या कचेरीत नकाशेबाईंना नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. एकतीस वर्षं त्या नकाशांच्या खोलीत बसत होत्या. जुना नकाशा नव्या कागदावर गिरवायचा तर तो त्यांच्याच हातून. त्यांच्या रेषेत खोट काढायला म्हणून मोठमोठे इंजिनिअर भिंग घेऊन बसायचे आणि मुकाट्याने उठून जायचे. कौतुकाची चटक वाईट असते, आणि बाईंना ती लागलेली होती. उगाच खोटं कशाला बोला?

निवृत्तीला आठ महिने उरले असताना मॅनेजरसाहेबांनी त्यांना बोलावलं. "खाणीला शंभर वर्षं होतायत. एक पुस्तक काढायचंय. जुन्या दप्तराची माहिती तुमच्याइतकी कोणाला आहे? इतिहास तुम्हीच लिहा."

बाई हरखून गेल्या. त्यांच्या धाकट्या भावाला मात्र थट्टेला विषय मिळाला. हा भाऊ खाणीत खोदाईचा मुकादम होता. आई लवकर गेली, तेव्हा बाईंनीच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवला होता. त्यामुळे बहिणीपुढे जीभ आवरायची असते हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं.

"ताई, उंदरांनी खाऊन जे उरलंय तेवढंच लिही. आणि पुस्तकात माझा एक फोटो टाक. काळ्या तोंडाचा चालेल."

"तुझं धुतल्यावर तरी कुठे उजळतं?" बाई म्हणायच्या.

दप्तराच्या खोलीत मागच्या भिंतीशी एक पत्र्याची पेटी होती. तीत एका जुन्या मोजणीदाराच्या वह्या सापडल्या. हा गृहस्थ ऐंशी वर्षांपूर्वी शेजारच्या जुन्या खाणीत मोजणी करत होता. ती खाण बंद पडून तुडुंब पाण्याने भरली, त्याला आता कितीतरी पावसाळे लोटले. वह्यांवर मेणबत्तीचे ओघळ होते आणि मापांच्या मध्येमध्ये म्हाताऱ्याच्या तक्रारी होत्या. गुडघा धरलाय, दिव्याचं तेल पाणचट आहे, नवा साहेब गाढव आहे. बाईंना हा माणूस आवडायला लागला होता. डबा खाताना त्या त्याची वही समोर उघडी ठेवायच्या.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास त्यांनी सातवी वही उघडली. चौथ्या पानावर लिहिलं होतं: "माझ्या सर्व नकाशांवरचा उत्तरेचा बाण होकायंत्राच्या सुईप्रमाणे आहे. खरी उत्तर त्यापासून चार अंश बाजूला पडते. मागाहून येणाऱ्याने हे विसरू नये."

बाईंनी ते वाचलं आणि पुढचं पान उलटलं. मग त्यांचा हात थांबला. त्या मागच्या पानावर परत आल्या.

पाण्याने भरलेली जुनी खाण कुठवर पोचली आहे हे सांगणारा एकच नकाशा होता, अठरा नंबरचा. आताच्या खाणीची खोदाई त्याच्याच भरवशावर चालायची. जुन्या पाण्यापासून पन्नास मीटर अलीकडे थांबायचं, असा नियम होता. आणि तो अठरा नंबर बाईंनी गिरवलेला होता, नोकरीच्या पहिल्याच वर्षी. तेव्हाचे मोठे बाबू म्हणाले होते, "जुना कागद खाली, नवा वर. खाणीत उतरायच्या विहिरीवर विहीर ठेव, बाणावर बाण ठेव आणि गिरव." बाईंनी तसंच केलं होतं. नव्या कागदावरचा बाण मात्र सुईचा नव्हता. तो ताऱ्यांवरून काढलेल्या खऱ्या उत्तरेचा होता.

जुन्या बाणाच्या शेजारी दोन-तीन पुसट अक्षरं होती. ती बाईंना आजही डोळ्यांसमोर दिसली. लागत नव्हती, आणि अर्धवट गिरवली असती तर स्वच्छ नकाशा घाण दिसला असता. म्हणून त्यांनी ती सोडून दिली होती. मोठ्या बाबूंनी तो नकाशा सगळ्या कचेरीला दाखवला होता. "याला म्हणतात काम!"

बाईंनी अठरा नंबर टेबलावर पसरला. चार अंश म्हणजे तसं काहीच नाही. विहिरीजवळ सगळं जुळतंच, म्हणून तर इतक्या वर्षांत कोणाला शंका आली नाही. पण विहिरीपासून लांब जावं तसा फरक वाढत जातो. जुन्या खाणीचा सगळ्यात लांबचा बोगदा सातशे मीटरचा होता. त्यांनी हिशेब मांडला. बोगद्याचं टोक एकोणपन्नास मीटर सरकलं, आणि सरकलं ते नव्या खोदाईच्या अंगाला.

शनिवारच्या मोजणीनुसार खोदाई आणि पाणी यांच्यात पासष्ट मीटर कोळसा शिल्लक होता. म्हणजे खरा सोळाच. रोजची खोदाई तीन मीटर. शनिवारनंतर चार दिवस झाले होते.

चार मीटर.

त्या खोदाईवर त्यांचा भाऊच मुकादम होता आणि सकाळी सहाला तो खाली उतरला होता.

शहाण्या माणसाने त्याच क्षणी धावत सुटायला हवं होतं. बाई धावल्या नाहीत. त्यांनी हिशेब पुन्हा केला, आणि मग तिसऱ्यांदा केला. तिसऱ्यांदा मांडताना त्या आकडे तपासत नव्हत्या, आपला नकाशा कुठूनतरी सुटतोय का ते बघत होत्या. नकाशा कोणी गिरवला हे न सांगता ही गोष्ट सांगता येईल का, असंही मनात येऊन गेलं. कोपऱ्यात त्यांच्याच नावाची आद्याक्षरं होती, ठसठशीत. ती बघून त्यांना स्वतःचीच किळस आली. घड्याळात सात मिनिटं गेली होती. ती सात मिनिटं बाईंनी पुढे कधी कोणाला सांगितली नाहीत.

मॅनेजरसाहेबांनी वही पाहिली, नकाशा पाहिला आणि चष्मा काढला. "बाई, तीस वर्षं हा नकाशा चालतोय. एका म्हाताऱ्याच्या वहीवरून काम बंद करू? वर काय उत्तर देऊ?"

"सांगा, नकाशेबाईंनी चूक केली. बाण चुकीचा ठेवला, आणि शेजारची अक्षरं गाळली. मीच गाळली." बाईंनी फोन साहेबांकडे सरकवला. "साहेब, आधी माणसं वर काढा. मला काय करायचं ते मग करा!"

साहेबांनी फोन उचलला. खाली घंटा वाजत राहिली. खोदाईच्या टोकाला मशीन चालू असली की तिथे तोफ डागली तरी ऐकू येत नाही. चौथ्या खेपेला पंपावरच्या माणसाने फोन घेतला. त्याला दोनदा ओरडून सांगावं लागलं. तो धावत गेला, पण त्या वाटेला पंधरा मिनिटं लागतात.

बाई दिव्यांच्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या. खाली उतरणारा प्रत्येक जण इथून आपला दिवा नेतो आणि त्या जागी आपला बिल्ला अडकवतो. त्या खोदाईचे चौदा बिल्ले खिळ्यांना लटकत होते. दिवेवाल्याने स्टूल पुढे केलं, बाई बसल्या नाहीत. आपण देवाला काय म्हणत होतो हेही त्यांना नंतर आठवेना. पाणी फुटलं तर वर आवाज येतो का, हे दिवेवाल्याला विचारायचं होतं, पण त्या बिल्लेच मोजत राहिल्या.

अर्ध्या तासाने पहिले पाच जण वर आले. मग आणखी सहा. मग दोन. प्रत्येकाने आपला बिल्ला काढून नेला. खिळ्यावर एकच बिल्ला राहिला.

मुकादमाने शेवटी यायचं असतं. हे बाईंना ठाऊक होतं. तरी ती सहा मिनिटं त्यांना आयुष्यभर पुरली.

भाऊ आला तो थट्टा करत आला नाही. त्याने दिवा खाली ठेवला. "ताई, सकाळपासून कोळशाला घाम सुटला होता. वासही येत होता, कुजक्या पाण्यासारखा. मी पोरांना म्हटलं, काही नाही, चला." त्याने खिळ्यावरचा शेवटचा बिल्ला काढला. "मीच म्हटलं, चला."

बाईंनी त्याचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी खोदाईच्या टोकाला एक लांब, बारीक भोक पाडायला सांगितलं. भोक बुजवायला खुंट्या आणि ठोकायला घण तयार ठेवले होते. सव्वातीन मीटरवर लोखंडी सळई आतूनच मागे ढकलली गेली आणि पाण्याची धार समोरच्या माणसाच्या छातीवर बसली. त्याला उचलून बाजूला करावं लागलं. खुंटी ठोकायला चार जण लागले.

साहेबांनी सगळ्यांसमोर बाईंचं कौतुक केलं. तुमच्या इतिहासाने चौदा घरं वाचवली, म्हणाले. बाई खाली बघत होत्या. ते कौतुक त्यांना अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

शुक्रवारी सकाळी भावाला खाली उतरायचं नव्हतं. तो नकाशांच्या खोलीत आला. असा तो कधी येत नसे, आला तर काहीतरी सांडायचा. आज मात्र तो दाराशीच थांबला.

"ताई, एक विचारू? रागावू नकोस."

"विचार."

"त्या वर्षी बाणावर बाण ठेवून तू हा एकच नकाशा केलास?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. रात्रभर त्या हेच मोजत होत्या.

"अकरा," त्या म्हणाल्या. "सहा इथल्या कपाटात आहेत. ते मी आताच काढले, त्या बाजूला सध्या काम नाही. पाच बाहेर गेले. दुसऱ्या खाणींना. सुबक असतात म्हणून मागून न्यायचे रे लोक."

"कोणत्या खाणींना?"

बाईंनी यादी पुढे केली. भावाने ती वाचली, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. पाचही ठिकाणी सकाळची पाळी खाली उतरून दोन तास झाले होते.