काचेचा रेडिओ

माझ्या आईला माझे कान दिसतात, तोंड दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेलाय, कडेचा शाबूत आहे. त्यामुळे समोर कोणी बसलं की चेहऱ्याच्या जागी करडा डाग आणि डागाला दोन कान. "तुझ्या बाबतीत फारसं काही बुडालं नाही," असं ती मला म्हणाली. एकुलता एक मुलगा म्हणून एवढ्यावर सोडलं.

तिने एकतीस वर्षं कोर्टाच्या कचेरीत टायपिंग केलं. शिकताना बाई हातांवर रुमाल टाकायच्या, म्हणजे बटणांकडे बघायची सोयच नाही. त्यामुळे नजर गेल्यावर आम्ही जेवढे हादरलो तेवढी ती हादरली नाही. चहा अंदाजाने करते, कुलूप अंदाजाने उघडते. वाचन सुटलं, टीव्ही सुटला. राहिला तो गाडीतला रेडिओ.

गाडी बाबांची. "स्टिअरिंग माझं, रेडिओ तुझा," अशी त्यांनी गाडी घेतली त्याच दिवशी वाटणी केली होती. बाबा जाऊन चार वर्षं झाली, आणि त्यांच्या वाटणीचं स्टिअरिंग माझ्याकडे आलं. दर रविवारी दुपारी मी आईला मावशीकडे नेतो, पाऊण तासाचा रस्ता. बसल्या बसल्या तिचा हात बरोबर रेडिओवर जायचा. चौथं बटण जुनी गाणी, दुसरं बातम्या. गोल बटण फिरवून तिने आवाज कमी केला की समजायचं, आता ती बोलणार आहे, आणि बहुतेक माझ्याबद्दलच बोलणार आहे.

आता माझ्याबद्दल. मी लिफ्टच्या कंपनीत आहे. मोटार, दोर, दरवाजे, शिवाय न दिसणाऱ्यांना हाताने कळावेत म्हणून बटणांवर उठावाचे आकडे बसवणं, सगळं आमच्याकडे. बावीस वर्षं वायरींशी खेळल्यामुळे जगातली प्रत्येक वायर आपल्या ओळखीची आहे असा माझा समज आहे. त्यात आईला पंचाहत्तरावं लागलं. म्हटलं, तिला काहीतरी दणदणीत द्यावं. गाडीतला तो जुनाट रेडिओ काढून नवा स्टिरिओ बसवावा, नऊ इंची पडद्याचा, नुसतं बोट लावलं की चालणारा.

दुकानातल्या मिस्त्रीने विचारलं, "वापरणार कोण?"

"आई."

"मग बटणवाला घ्या ना, साहेब."

मला वाटलं, याच्याकडे जुना माल पडून असणार. मी त्याच्याकडे बघून असं काही हसलो, की तो बिचारा बिल करायला लागला. "बसवून देऊ?" म्हणाला. त्यालाही नको म्हटलं. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायला मला कोणाची मदत लागत नाही.

शनिवारी सकाळी बॅटरीची वायर सोडवली आणि डॅशबोर्ड उघडला. दोन क्लिपा तुटल्या. पिवळी वायर लालच्या जागी गेली, त्यामुळे गाडी बंद केली की स्टिरिओ सगळं विसरायचा. ती परत बदलली. शेवटी सगळं बसलं आणि तीन स्क्रू उरले. कंपनीवाले जास्तीचे घालत असतील, असं मी मनाशी ठरवलं. जुना रेडिओ बुटांच्या खोक्यात गेला. कप्पा साफ करताना बाबांचं गाडीचं जुनं पुस्तक सापडलं, कोपरे कुरतडलेलं. ते मी रद्दीत टाकलं. कामाचा उरक माझा दांडगा.

रविवारी आई बसली. हात नेहमीच्या जागी गेला आणि काचेवरून घसरला. तिने पुन्हा चाचपलं. एक बोट कुठेतरी लागलं आणि एक बाई ठणकावून म्हणाली, "पुढे उजवीकडे वळा." दुसरं बोट लागलं, फोनचे आकडे आले. मी उत्साहाने सांगत होतो, "अगं, वरच्या कोपऱ्यात निळं चित्र आहे ना, ते." निळं चित्र. आईला. हे मी बोललोय, अजून विसरता येत नाही.

तिने हात मांडीवर घेतले. "छान आहे रे," म्हणाली, "तूच लाव काय ते."

मी लावलं. ती रस्ताभर हात मांडीवरच ठेवून बसली. माझ्याबद्दलसुद्धा काही बोलली नाही. पुढच्या रविवारी मागच्या सीटवर बसली, पाय मोकळे होतात म्हणे. त्याच्या पुढच्या रविवारी म्हणाली, "मावशीलाच इकडे बोलाव. मला आताशा एवढं बसवत नाही."

मी बायकोला म्हटलं, आई थकली गं. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने हातातली घडी पुरी केली, मग म्हणाली, "ऑफिसात दिवसभर उठावाचे आकडे बसवता. घरी आईला काच दिलीत." आणि पुढची घडी घालायला लागली. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो इतका जवळून मी पहिल्यांदाच बघितला. आई थकली नव्हती. गाडीत तिच्या हातात जे एक होतं, ते मी पॅकिंग करून, वर रिबन लावून काढून घेतलं होतं.

पुढच्या शनिवारी ती आंघोळीला गेल्यावर मी खोकं घेऊन खाली गेलो. म्हटलं, गुपचूप बसवू, गुपचूप निस्तरू. जुना रेडिओ या वेळी तीनही स्क्रूंसकट बसला. चालू केला, तर पडद्यावर चार शून्यं आणि "कोड". मूळ रेडिओ बॅटरीपासून सुटला की चोरीचा समजून कुलूप लावून घेतो. तीनदा चुकलं की कायमचा बंद. आणि कोड होता त्या पुस्तकात, जे मी रद्दीत टाकलं होतं.

मी बाबांचं जन्मसाल घातलं. चूक. गाडी घेतली ते साल घातलं. चूक. तिसऱ्याला बोट उचलेना. आता हात दाखवून अवलक्षण नको, म्हणून वर गेलो आणि आईला सगळं सांगितलं. रद्दीचंही सांगितलं.

"कोड मला काय माहीत," आई म्हणाली. मग ती म्हणाली, "चल खाली. मला दाबायचं माहीत आहे."

ती तिच्या सीटवर बसली. बटणांवरून एकदा बोट फिरवलं, मोजल्यासारखं. मग थांबली. "असं नाही जमायचं. बॅटरी बदलली की हे बॉनेटपाशी असायचे आणि मी इथे. तू तिकडे जा. बॉनेट उघड."

"अगं, बॉनेटचा काय संबंध? एकच संधी उरलीय."

"जा म्हटलं ना. आणि तिथून विचार, 'लावते का गं?'"

मी गेलो. बॉनेट उचललं. बाबा उभे राहायचे तिथेच उभा राहिलो आणि विचारलं, "लावते का गं?" माझा आवाज बाबांसारखा आहे असं लोक म्हणतात. मला कधी तसा वाटला नव्हता.

"लावते," आतून आलं. मग बटणांचे आवाज. पहिलं तीनदा. दुसरं एकदा. तिसरं बराच वेळ, मी मोजायला घाबरलो. चौथं दोनदा. मग काहीच नाही. मी बॅटरीकडे बघत राहिलो, जणू ती काही सांगणार आहे.

खरखर झाली आणि जुनं गाणं लागलं. आईने गोल बटण फिरवून आवाज बारीक केला.

"लागला हो," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "लागला रे." आणि मग, "तुझे बाबा पुस्तक कधी उघडायचेच नाहीत. मला हाक मारायचे."

तोंडाचं जे काय झालं होतं ते तिला दिसू नये, म्हणून मी बॉनेट वरच धरून उभा राहिलो. मग आठवलं, तिला माझं तोंड दिसतच नाही, नुसते कान दिसतात. तरी मी बॉनेट खाली घेतलं नाही.