मामाने धरलेली सीट

मुलीचा दहावीचा निकाल लागला त्याच आठवड्यात मी फीचा तक्ता तयार केला. अमरावतीच्या एका खाजगी कॉलेजात इलेक्ट्रिकल डिप्लोमाची वर्षाची फी बावन्न हजार चारशे होती. त्यात शिक्षण शुल्क पंचेचाळीस हजार, विकास शुल्क साडेचार हजार, आणि परीक्षा, ग्रंथालय, अनामत वगैरे मिळून दोन हजार नऊशे. आमच्या प्रवर्गातल्या, उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या मुलींना शिक्षण शुल्काची सवलत मिळते, हे मी चार ठिकाणी विचारून पक्कं केलं होतं. म्हणजे वर्षाला आपल्या खिशातून सात हजार चारशे. अकोल्यात जठारपेठेच्या बाजूला एका कृषी केंद्रात मी माल आणि बिलं पाहतो. पगार एकोणीस हजार. सात हजार चारशे मला झेपणार होते, बावन्न हजार झेपणार नव्हते. मुलगी डिप्लोमा करणार की नाही, हे त्या सवलतीवरच ठरणार होतं.

जात प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, सगळं मी वेळेत काढलं. ऑनलाइन अर्जात कॉलेजांची पसंती भरायची वेळ आली तेव्हा बायको म्हणाली, "दादाच्या घरापासून जवळची तेवढीच टाका. पोरगी मामाकडे राहीन, मंग होस्टेलचा खर्च कायले?" हिशेब बरोबर वाटला. आम्ही चारच कॉलेजं टाकली. पहिल्या फेरीत सीट लागली नाही. दुसऱ्या फेरीतही नाही.

दुसऱ्या फेरीच्या संध्याकाळी मामाचा फोन आला. मामा म्हणजे बायकोचा मोठा भाऊ. त्यांचा अमरावतीत फुलांचा व्यवसाय, हार आणि मंडपाची सजावट.

"जवाई, कायले राऊंडची वाट पाहून राहिले? मी सीट धरली."

"कुठे धरली?"

"तुमच्या यादीतल्या पहिल्याच कॉलेजात! त्यांच्या गॅदरिंगले, सत्काराले हार माह्या दुकानातूनच जातात. ऑफिसात सांगितलं, भाची हाय म्हणून. पंधरा हजार भरले बी. उद्या पोट्टीले कागदं घेऊन पाठवा."

आमच्याकडे मुलीचे कान टोचताना मामाची मांडी लागते, जावळाला मामा लागतो. शिकायला घराबाहेर पाठवताना पहिली फी मामाने भरली तर त्यात वावगं काही नव्हतं. उलट नको म्हटलं असतं तर बायकोच्या माहेराचा अपमान झाला असता. तरी मी पैसे परत करायचे असं मनात ठरवलं आणि तक्त्यात पंधरा हजारांची नोंद केली. दुसऱ्या दिवशी आम्ही बापलेक एसटीने गेलो, मूळ कागदपत्रं जमा केली, पावती घेतली. ती मी दोनदा वाचली. रक्कम, नाव, शाखा, सगळं बरोबर होतं. वर डाव्या कोपऱ्यात "संस्था स्तर" असं छापलेलं होतं. तेही मी वाचलं, आणि त्याचा अर्थ कोणाला विचारला नाही.

चार दिवसांनी मी एकटाच सवलतीसाठी शिष्यवृत्तीचे कागद द्यायला त्या कॉलेजात गेलो. खिडकीत पन्नाशीच्या एक मॅडम होत्या. त्यांनी माझी फाइल शेवटपर्यंत पाहिली आणि म्हणाल्या, "भाऊ, इतकी नीट फाइल या वर्षी पहिल्यांदाच पाहून राहिली मी."

मला बरं वाटलं. मग त्यांनी पावती मागितली.

"सीट कोणत्या राऊंडची हाय?"

"राऊंडची नाही. आमच्या मेहुण्यांनी..."

"संस्था स्तरावरची हाय ही. हिले सवलत नाही बसत."

"पण उत्पन्न मर्यादेत आहे. दाखला बघा ना."

"दाखला बरोबर हाय. समदे कागद बरोबर हायेत. पण सवलत सरकारच्या फेरीतून सीट लागली तरच भेटते. कॉलेजनं आपल्या हातची सीट देली, तर पूर्ण फी." आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "कोणी सांगितलं नाही का तुमाले?"

कोणी कसं सांगणार? मी कोणाला विचारलंच नव्हतं. कोणत्या शुल्काची किती टक्के सवलत, किती हप्ते, अनामत परत कधी मिळते, एवढे सगळे प्रश्न मी विचारले होते. सीट कोणत्या वाटेने येते आणि त्याचा सवलतीशी काय संबंध, हा प्रश्न मला सुचला नव्हता. शिक्षण शुल्काचा फरक तीन वर्षांचा एक लाख पस्तीस हजार होत होता. मॅडमनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. तिसऱ्या फेरीची पसंती उद्या संध्याकाळपर्यंत भरता येईल, आणि ही सीट मुदतीच्या आत सोडली तर हजार रुपये कापून बाकीचे परत मिळतील. तिसऱ्या फेरीतही काही लागलं नाही तर काय, हे मी विचारल्यावर त्या म्हणाल्या, "ते मी कशी सांगू?"

घरी येऊन मी सगळं सांगितलं. हातातली सीट सोडायची, आणि ती भावाने धरलेली. "वर्ष वाया गेलं म्हणजे?" एवढंच बायको बोलली. मी मुलीकडे पाहिलं. तिने वही पुढे केली. आमच्या विभागातल्या कॉलेजांच्या मागच्या वर्षीच्या शेवटच्या फेरीचे गुण तिने त्यात उतरवून काढले होते.

"बाबा, माझे एक्क्याऐंशी टक्के आहेत. यातल्या अकरा कॉलेजांत एक्क्याऐंशीच्या खाली इलेक्ट्रिकल लागलंय. आपण चारच टाकली म्हणून लागलं नाही."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा होस्टेलचा खर्च काढत होते."

ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही अठरा कॉलेजं भरली. मामाच्या घरापासून किती लांब, हा रकाना मी तक्त्यातून काढून टाकला.

आता मामांना सांगणं उरलं होतं, आणि ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. मुलीला घेऊन अमरावतीला गेलो. आधी कॉलेजात कागदांची चौकशी केली, मग मामांकडे. मामा दुकानात बसून शेवंतीचा हार ओवत होते. शेजारी दोन कामगार. मी सरळच सांगितलं, की ही सीट सोडायची आहे.

मामांचा हात थांबला. "काहून? माह्या पंधरा हजाराची लाज वाटून राहिली का तुमाले?"

"लाज नाही दादा. या सीटवर सवलत बसत नाही. तीन वर्षांत एक लाख पस्तीस हजार जास्त जातील."

"म्हणजे भाचीले सीट देऊन मी तुमाले लुटलं म्हणा!"

एक कामगार हसला. मामांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पाणी आणायला उठला. माझे आकडे सांगून झाले होते. तेवढ्यात मुलगी त्यांच्याजवळ जाऊन खाली बसली.

"मामा, सीट धरायले तुमची ओळख कामी आली. पण माझे कागद कॉलेजात अडकलेत. ते म्हणतात सोमवारी या. तिसऱ्या फेरीची यादी शनिवारी आहे. ओळख फक्त धरतानीच चालते का?"

"बाप्पा! पोट्टी वकील होईन का इलेक्ट्रिशियन?" मामा म्हणाले. हार तसाच बाजूला ठेवून त्यांनी हात धुतले आणि चप्पल घातली. चार वाजायच्या आत शाळा सोडल्याच्या दाखल्यासह सगळे मूळ कागद आमच्या हातात होते. चौदा हजार मामांच्या खात्यात परत येतील, असं लेखी मिळालं. कापलेले हजार मी मामांना देऊ लागलो, तर ते रस्त्यातच थांबले. "जवाई, ते हजार मले शिकवायची फी समजा. ठेवा खिशात." त्यांच्या आवाजात राग होता की काय, ते मला कळलं नाही. घरी जेवायला मात्र त्यांनी बोलावलं नाही, हे माझ्या लक्षात राहिलं.

शनिवारी यादीत नाव आलं. पसंतीत सातव्या नंबरचं कॉलेज, इलेक्ट्रिकलच. अमरावतीतच, पण मामांच्या घरापासून दुसऱ्या टोकाला, त्यामुळे होस्टेल घ्यावं लागलं. प्रवेश घेताना फक्त विकास शुल्क आणि किरकोळ रक्कम भरली, आणि एका हमीपत्रावर सही केली. सवलत मंजूर झाली नाही तर पूर्ण शिक्षण शुल्क मी भरीन, असं त्यात लिहिलं होतं. सही करताना मी ते वाक्य तीनदा वाचलं आणि खिडकीतल्या माणसाला त्याचा अर्थ विचारला. "जे लिहिलंय तेच," तो म्हणाला. मी तरीही पुन्हा विचारलं.

त्यानंतर साडेपाच महिने मी रोज सकाळी दुकान उघडल्यावर शिष्यवृत्तीचं पोर्टल उघडत होतो. कधी "छाननीत", कधी "महाविद्यालयाकडे प्रलंबित". एकदा दाखल्याची प्रत अस्पष्ट म्हणून अर्ज परत आला. तो दुरुस्त करून पाठवला. त्या महिन्यांत मी नवीन चप्पल घेतली नाही, आणि बायकोने का म्हणून विचारलं नाही. मामा दिवाळीला आले. पहिला अर्धा तास ते फक्त बहिणीशी बोलले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "झालं का मंजूर?" मी नाही म्हटलं. "होईन," ते म्हणाले, आणि चिवड्याची बशी माझ्याकडे सरकवली.

जानेवारीतल्या एका सकाळी पोर्टलवर "मंजूर" असं दिसलं. मी पान बंद करून पुन्हा उघडलं. मुलीला फोन लावला, तिने उचलला नाही. प्रॅक्टिकल चालू होतं. संध्याकाळी तिचाच फोन आला तेव्हा मी आधी ते सांगितलं.

"बरं," ती म्हणाली. "बाबा, आज आम्ही पंपाची मोटर पूर्ण खोलली. आतली तार किती बारीक असते, तुम्हाला सांगते..."

मी दुकानाच्या पायरीवर बसून ऐकत राहिलो. त्यातलं अर्धं मला समजलं नाही.