पोकळ पान

माझे सासरे झाडं लावतात असं मी सांगितलं की लोक खताची चौकशी करतात. बागेचा इथे काही संबंध नाही. ते तर्कशास्त्राच्या पुस्तकांतली सिद्धतांची झाडं संगणकावर जुळवतात. आमच्या गॅलरीतलं एकुलतं एक रोप तर त्यांच्या देखत वाळलं.

सिद्धतेचं झाड म्हणजे काय, हे त्यांनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात जेवताना समजावलं होतं. वर दोन विधानं लिहायची: 'दिवा लागलेला असेल तर घरात कुणीतरी आहे' आणि 'दिवा लागलेला आहे'. ही झाडाची पानं. त्यांच्याखाली आडवी रेघ. रेघेखाली निष्कर्ष: 'घरात कुणीतरी आहे'. हा निष्कर्ष पुढच्या रेघेच्या वर बसतो, आणि असं उतरत उतरत तळाशी मूळ येतं. मूळ म्हणजे जे सिद्ध करायचं होतं ते.

"पण दिवा तसाच ठेवून बाहेर गेले असतील तर?" मी विचारलं.

"तो आपला प्रांत नाही," बाबा म्हणाले आणि पाणी प्यायले.

बाबा मूळचे छापखान्यात शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवणारे. छापखाना बंद पडला तेव्हा पन्नाशी उलटली होती. बरोबरीचे लोक घरी बसले. हे मॅक्रो शिकले. मॅक्रो म्हणजे एकदा लिहून ठेवलेली आज्ञा. पुढे तिचं नुसतं नाव घेतलं की काम होतं. माझ्या नवऱ्याच्या बाबतीत मला हे अजून जमलेलं नाही.

झाडाची रीत अशी की पानं आधी टाकायची, एकावर एक, धुतलेल्या ताटल्यांसारखी. मग म्हणायचं, दोघांचं एक कर. मॅक्रो वरच्या दोन ताटल्या उचलतो, रेघ मारतो आणि निष्कर्षाची एक ताटली परत चळतीवर ठेवतो. शेवटी एकच उरली की झाड झालं. बाबांना यातलं तर्कशास्त्र ओ की ठो कळत नाही, आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. छापखान्यातला पहिला धडा त्यांनी कधी सोडला नाही: मजकुराला हात लावायचा नाही.

यंदा त्यांच्याकडे बाईंचं पुस्तक होतं. बाई तर्कशास्त्र शिकवतात. एका सिद्धांतावर त्यांनी एकोणीस वर्षं घालवली होती आणि तो आता पुस्तकातून लोकांसमोर यायचा होता. सोमवारी पुस्तक छपाईला जाणार, आणि नेमका त्याआधी बाबांचा मोतीबिंदू काढला. आयुष्यभर डोळ्यांत तेल घालून मुद्रितं तपासली, आता दिवसातून चार वेळा औषध घालायचं होतं. संगणक बंद. नवरा म्हणाला, "तुला टायपिंग येतं ना." मी दवाखान्यात केसपेपर काढते. तेवढ्यावर माझी नेमणूक झाली.

बाबा डोळ्यावर पट्टी बांधून पलंगावर. मी बाईंच्या कागदावरचं एकेक चिन्ह वाचून दाखवायची आणि ते आज्ञा सांगायचे. चार दिवसांत मी सदतीस झाडं लावली. शेवटचं राहिलं, ज्याच्यासाठी हे सगळं पुस्तक होतं ते. त्यातल्या सहाव्या रेघेला पडद्यावर लाल ओळ आली: 'दोन हवीत, एकच आहे'. बाबांनी मॅक्रोला मराठीत कुरकुरायला शिकवलं आहे.

मी कागद पुन्हा पाहिला. बाईंनी तिथे रेघेवर एकच विधान लिहिलं होतं.

"पोकळ दे," बाबा म्हणाले.

"म्हणजे?"

"दुसरं पान कोरं दे. छापल्यावर काही दिसत नाही, मॅक्रोचं समाधान होतं. आज्ञा करून ठेवलीये मी तशी."

मी दिलं. लाल ओळ गेली आणि झाड आलं, अगदी देखणं. उजवीकडे थोडी पांढरी जागा होती. बघणाऱ्याला वाटावं, ऐसपैस जुळवलंय.

"बाबा, इथे काहीतरी असायला हवं होतं."

"उघड असेल. मोठी माणसं उघड गोष्टी लिहीत बसत नाहीत."

"आणि उघड नसेल तर? बाईंना विचारू या."

"पन्नास वर्षांत लेखकाला विचारलं नाही मी कधी. मजकुराला हात लावायचा नाही."

"विचारणं म्हणजे हात लावणं आहे का?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची," असं म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

"अशी किती पोकळ पानं दिलीत आजवर?"

"आठवत नाही."

मला राग आला. राग बाबांचा होता की त्या पांढऱ्या जागेचा, ते सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी औषध घालायला वाकले, तेव्हा उघड्या डोळ्याने वर बघत ते म्हणाले, "ते दिव्याचं काय म्हणाली होतीस गं तू?"

"तसाच ठेवून बाहेर गेले असतील तर."

"हं. फोन लाव बाईंना."

बाई तासाभरात आल्या. मी पोकळ पानाचं सांगून छापील झाड दाखवलं, मग त्यांचाच हाताने लिहिलेला कागद. बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले आणि खुर्चीत बसल्या.

"इथलं दुसरं पान मी सिद्ध केलं होतं," त्या म्हणाल्या. मग कागद पालथा करून, "की नुसतं करायचं ठरवलं होतं, आठवत नाही."

त्यांनी सगळा गठ्ठा उचलला. सोमवारचं रद्द करा म्हणाल्या आणि गेल्या. पेन टेबलावरच राहिलं.

"पन्नास वर्षं तोंड बंद ठेवलं," बाबा म्हणाले, "आणि सुनेच्या नादी लागून एका बाईचं पुस्तक बुडवलं." मी औषध घातलं. डोळ्यातून पाणी आलं ते औषधाचंच, असं आम्ही दोघंही धरून चाललो.

पाच आठवडे बाईंचा पत्ता नव्हता. बाबांची पट्टी निघाली, नवा चष्मा आला, पण ते संगणकाकडे फिरकले नाहीत. वर्तमानपत्र मात्र छोट्या जाहिरातींसकट वाचायचे. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून मी त्यांच्यावर उगीचच खेकसायची.

मग एका दुपारी बाई आल्या. गठ्ठा थोडा जाड झाला होता.

"जमलं?" मी विचारलं.

"म्हटलं होतं तसं नाही. ते पान नेहमी खरं नसतं, हे निघालं त्यातून. आता ते अट म्हणून स्पष्ट लिहिलंय. अट पाळली तरच सिद्धांत खरा." त्यांनी कागद टेबलावर ठेवले. "एवढासा झालाय. पण उभा राहतो."

बाबांनी मान हलवली. बाईंनी पिशवीतून आणखी एक पुस्तक काढलं. बाईंचं पहिलं, बावीस वर्षांपूर्वीचं. तेही बाबांनीच जुळवलेलं.

"काका, यात अशी किती आहेत?"

त्यांना आठवत नाही, असं सांगायला मी तोंड उघडलं.

"दोन," बाबा म्हणाले. "पृष्ठ चौसष्ट, उजवीकडची फांदी. पृष्ठ एकशे एकोणीस, सगळ्यात वर."

बाईंनी टेबलावरचं स्वतःचं पेन उचललं, टोपण काढलं आणि चौसष्टावं पृष्ठ उघडलं. बाबांनी चष्मा न लावताच त्या पांढऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"बाई," ते म्हणाले, "इथे काय होतं?"