हरत्या संघाचा डावा कोपरा

आमच्या संघानं हंगामातले पहिले चार सामने ओळीनं घालवले, तेव्हा पाचव्या सामन्याला मी टीव्हीकडं पाठ करून बसलो. सामना ऐकायचा, बघायचा नाही. माझी अशी समजूत झाली होती की मी बघितलं की संघ हरतो. पन्नाशी उलटलेल्या माणसानं असं वागावं का, हे बायकोनं मला विचारलं होतं आणि मी तिच्यावरच डाफरलो होतो. कबड्डीनं माझा उजवा गुडघा खाल्लाय, जिना उतरताना अजून बोंबलतो. पण त्या खेळावर मी कधी रागावलो नाही. राग सगळा आमच्या संघावर निघायचा.

आम्ही बसायचो ते कळसच्या रस्त्यालगतच्या पेरूच्या शेडमध्ये. दिवसा तिथं माल निवडतात, क्रेट भरतात, पुण्याचा टेम्पो लागतो. संध्याकाळी तेच क्रेट पालथे घालून वीस-पंचवीस जण टीव्हीपुढं जमायचे. खेळाडू हरयाणाचे, कोच कुठला, मालक तर कोण हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. तरी तो आमचा संघ होता, कारण त्यात तात्यांचा मुलगा होता. तात्या म्हणजे माझे बांधाला बांध लागून असलेले शेजारी. दीड एकर पेरू, दोन जर्सी गायी, आणि बोलणं इतकं कमी की ग्रामसभेत हात वर करायचा तरी आधी इकडंतिकडं बघतील. त्यांचा मुलगा बाराव्या वर्षी आमच्या कबड्डी मंडळाच्या मैदानात आला आणि मी त्याला डाव्या कोपऱ्यात उभा केला. मी तिथंच खेळलो होतो. चढाई करणारा गडी बोनस रेषेकडं पाय टाकतो, त्या एका क्षणात त्याचा घोटा धरायचा, हे काम कोपऱ्याचं. त्याला ते यायला सहा वर्षं लागली. पण आल्यावर असं आलं की इंदापूरपासून मोरगावपर्यंतच्या मैदानांवर चढाईबहाद्दर डाव्या बाजूला फिरकेनासे झाले.

मोठ्या लीगच्या संघात तो दोन वर्षं नुसता बाकावर होता. यंदा पहिल्या सातात आला, आणि यंदाच संघ मातीत गेला.

हरणाऱ्या संघाच्या माणसांचं कसं होतं ते सांगतो. पहिल्या सामन्याला रेफ्रीनं घात केला. दुसऱ्याला कोचची अक्कल निघाली. तिसऱ्यानंतर कॅप्टनचं वय निघालं, त्याचं लग्न निघालं, त्याच्या जाहिराती निघाल्या. चौथ्या सामन्यानंतर बोलायला परकं कुणी उरलं नाही, तेव्हा हळूहळू सगळ्यांची तोंडं आमच्या पोराकडं वळली. कुणी म्हणालं, त्याचं अंग सुटलंय. कुणी म्हणालं, एसीत राहून पाय जड झाले. तात्या दाराजवळच्या क्रेटवर बसलेले असायचे आणि ऐकायचे. त्यांच्यादेखत बोलू नये असं कुणाच्या मनातही आलं नाही. आपलं पोर म्हटल्यावर बोलायचा हक्क असतोच, असं आमच्याकडं धरून चालतात.

त्या हक्कामागं मंडळाची एक जुनी रीत आहे. संघ हरला की मैदान सोडण्याआधी सगळ्यांनी गोल करून बसायचं आणि वडीलधाऱ्यानं ज्याचं चुकलं त्याला सगळ्यांसमोर झाडायचं. ज्याला बोलतात त्यानं मान खाली घालून फक्त ‘चुकलं’ म्हणायचं, उलट उत्तर नाही. त्यानंतर बाजारातनं कागदावर भेळ यायची, आणि ज्याला सगळ्यात जास्त बोलून घेतलं असेल त्याच्या हातात पहिला घास. तिथं विषय संपला. पिंपळीच्या एका स्पर्धेत माझ्यामुळं अंतिम सामना गेला होता. तेव्हा आमच्या कॅप्टननं मला असं सोललं होतं की मी रडलो होतो, आणि तासाभरात त्याच माणसाच्या मोटरसायकलवर मागं बसून मोठमोठ्यानं गप्पा मारत घरी आलो होतो. मीही पुढं कित्येक पोरांना असंच बोललो. कुणाचं काही बिघडलं नाही. उलट बोलल्याशिवाय घरी सोडलं तर पोरं बावरायची, की आपल्याला मोजतच नाहीत की काय.

पाचवा सामना मी पाठमोरा बसून ऐकला. समालोचक सारखा म्हणत होता, डावा कोपरा घाई करतोय, पुन्हा घाई, पुन्हा एक गुण गेला. माझ्यामागं शेडमध्ये चुकचुकणं चाललं होतं. सामना गेला. मी तिथंच फोन काढला, मंडळाचा ग्रुप उघडला आणि बटण दाबून बोलायला लागलो. पोरगा त्या ग्रुपात होताच, त्याला ऐकू जावं म्हणूनच बोलत होतो. माझे शब्द अजून फोनमध्ये आहेत, त्यामुळं मला त्यात फेरफार करता येत नाही.

“तुला धीर कसा तो न्हाय. गडी पाय टाकायच्या आधीच झेपावतोस. हेच शिकीवलं व्हय रं मी तुला? तुझ्यापायी समदा संघ बसतोय. जमत न्हाय ना, मग बाजूला हो. दुसऱ्याला हुबं राहू दे.”

शेडमधल्या दोघाचौघांनी मान डोलावली. मग प्रत्येकाला हुरूप आला. अर्ध्या तासात ग्रुपात वीसेक जणांनी बोलून घेतलं, त्यातले निम्मे तर जन्मात कबड्डी खेळलेले नव्हते. तात्या उठून कधी गेले ते आम्हाला कळलंही नाही. मी मात्र त्या दिवशी घरी जाऊन पोटभर जेवलो. जे करायला हवं होतं ते आपण केलं, असं मला वाटत होतं.

सकाळी त्याचं उत्तर आलं. “चुकलं आबा. आता घाई करणार न्हाय.” मी ते बायकोला दाखवलं. म्हटलं बघ, एवढा मोठा झाला तरी रीत विसरला नाही. ती भाकरी थापत होती. तिनं विचारलं की तिकडं त्याच्याजवळ कोण आहे. मी म्हटलं, अगं संघ आहे की सगळा. तिनं पुढची भाकरी तव्यावर टाकली.

सहाव्या सामन्याला मी तोंड टीव्हीकडं करून बसलो. आपला शब्द कसा लागू पडतो ते मला बघायचं होतं. पोरगा उभा होता, आणि खरंच घाई करत नव्हता. समोरच्या गड्यानं बोनस घेतला, हा उभा. पुन्हा घेतला, हा उभा. शेवटाकडं दोन गुणांचा फरक राहिला होता आणि त्यांचा गडी निर्वाणीची चढाई घेऊन आला. तो आमच्या पोराच्या पुढ्यात आला, पाय टाकला, आख्खा घोटा उघडा पडला. अशा वेळी हा पोरगा विचार करत नसे, त्याचं अंगच पुढं जायचं. त्या दिवशी ते पुढं आलं आणि अर्ध्यात थांबलं. गडी याच्याच खांद्याला हात लावून परत गेला. मला टीव्हीवर पोराचा चेहरा दिसला. ऐन सामन्यात तो कुणाचं तरी ऐकत असल्यासारखा दिसत होता. तो सामनाही गेला.

घरी येऊन मी फोनवर पाचव्या सामन्याच्या पकडी काढून बघितल्या. हे मी आधी करायला हवं होतं. पोरगा घाई करतच नव्हता. तो नेमक्या वेळी घोटा धरत होता, पण कोपऱ्यानं पाय धरला की शेजारच्या गड्यानं वरनं अंग टाकायचं असतं, आणि यंदा घेतलेला तो शेजारचा नवा गडी जागचा हलत नव्हता. पाच पकडी झाल्या, पाचही वेळा पोरगा एकटाच लोंबकळला आणि फरफटत मध्यरेषेपर्यंत गेला. समालोचकाला ते दिसलं नाही, समजू शकतो. मला पहिल्या नजरेत दिसलं असतं. मी बघतच नव्हतो. मी पाठ करून बसलो होतो, आणि ऐकीव गोष्टीवर त्याला बाजूला हो म्हणालो होतो. मला माझी लाज वाटली. अशी लाज मला गुडघा मोडून मैदानातनं उचलून नेलं तेव्हाही वाटली नव्हती.

सातव्या सामन्यात डाव्या कोपऱ्यात दुसराच गडी होता. आमचा पोरगा ट्रॅकसूट घालून बाकावर. संघ थोडक्यात हरला. शेडमध्ये म्हणाले, कोचला अक्कल आली. तात्यांचा दाराजवळचा क्रेट रिकामा होता, त्याच्यावर कुणीतरी पाय ठेवून बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तात्यांच्या बागेत गेलो. ते पेरूंना फोमच्या जाळ्या घालत होते. एका झाडाला मीही घालायला लागलो, कारण हाताला काम असलं की बोलणं सोपं जातं. शेवटी मी म्हणालो की कोचनं पोराला बसवायला नको होतं.

“कोचनी न्हाय बसवला,” तात्या म्हणाले. “त्यानंच जाऊन सांगितलं. मला जमंना, दुसऱ्याला हुबं करा म्हणून.”

माझ्या हातातली जाळी तशीच राहिली. तात्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. ते सांगत राहिले, पोराच्या आईनं त्याला फोनवर विचारलं, असं का केलंस. तर तो म्हणाला, आबा कधी उगं बोलत न्हाईत. त्यांना दिसलं असंल काहीतरी.

मी तात्यांना सगळं सांगितलं. पाठ करून बसलो होतो ते, समालोचकाचं, शेजारच्या गड्याचं, सगळं. मग म्हणालो, आत्ता फोन लावतो आणि माझं चुकलं म्हणून सांगतो. खिशातनं फोन काढलाही. तात्यांनी हात आडवा धरला.

“आज नगा सांगू, आबा. बारा वर्साचा हुता तवापासनं तुमच्या शब्दावर हुबा ऱ्हायलाय त्यो. तुमीबी चुकता म्हणलं तर त्यानं बघायचं कुणाकडं?”

मी फोन परत खिशात ठेवला. मी झाडाला जाळ्या घालून संपवल्या आणि घरी आलो. त्यानंतर चार-पाचदा मी फोन हातात घेतला. दोनदा बोललो आणि पाठवायच्या आधी पुसून टाकलं. एकदा नुसतं ‘जेवलास का’ एवढं लिहून पाठवलं. त्याचं लगेच ‘व्हय आबा’ आलं. एवढ्या लगेच आलं की तो फोन हातात धरूनच बसला असावा, असं वाटून मला जास्तच वाईट वाटलं. हरल्यावर बोलायचं आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पण तो चारशे कोसांवर हॉटेलच्या खोलीत, इथनं त्याच्या हातात घास ठेवणार कसा, याचा विचार एकानंही केला नव्हता. आम्ही त्याला अर्धीच रीत पाठवली होती.

आठवा सामना संघानं जिंकला. हंगामातला पहिला. शेडमध्ये क्रेट उलथेपालथे झाले, माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली, टेम्पोवाल्यानं बाहेर जाऊन हॉर्न वाजवला. खोटं कशाला बोलू, मीही उठून टाळ्या वाजवल्या. इतक्या दिवसांची हार अंगावर साचली होती, जिंकल्याचं हातांना आधी कळलं. नव्या डाव्या कोपऱ्यानं शेवटची पकड केली होती आणि शेजारचा गडी आज बरोबर त्याच्या वरून कोसळला होता. कॅमेरा क्षणभर बाकावर गेला. आमचा पोरगा उभा राहून टाळ्या वाजवत होता. तो पडद्यावर होता तेवढा वेळ शेडमध्ये कुणी त्याच्याबद्दल बोललं नाही, चांगलंही नाही की वाईटही नाही. एकजण फोनवर त्या नव्या गड्याचं गाव कुठलं ते शोधत होता.

तेव्हा मला तात्या दिसले. ते कधी आले होते कोण जाणे, दाराशीच उभे होते, क्रेटवर बसले नव्हते. मी गर्दीतनं वाट काढत त्यांच्याजवळ गेलो. काय बोलावं ते ठरवलं नव्हतं. बोललो असतो तरी त्या गोंगाटात त्यांना ऐकू गेलं नसतं, म्हणून मी नुसता शेजारी उभा राहिलो. तात्या टीव्हीकडं बघत होते. गोंगाट जरा ओसरल्यावर ते माझ्याकडं वळले.

“बरं झालं, आबा,” ते म्हणाले. “आता माझ्या पोराला कोण काय बोलायचं न्हाय.”

मी व्हय म्हणालो. तात्यांनी चपला घातल्या आणि ते गायींची धार काढायची राहिलीय म्हणून निघून गेले.