बेड सहावरचे समीक्षक

आता हे सांगताना मान खाली जाते, पण चहा घेताय तोवर ऐकाच माझा गाढवपणा!

एटीजमधली गोष्ट. मी लंडनजवळ इल्फर्डला एका हॉस्पिटलात रजिस्ट्रार डॉक्टर होतो. बेड सहावर मिस्टर लिंडनर. वय ऐंशीच्या पुढे, पोटाचा कॅन्सर, दिवस थोडे उरलेले. आणि माणूस कोण? जर्मन नाट्यसमीक्षक! तरुणपणी बर्लिनच्या पेपरात असं लिहायचे की नटांना सकाळी पेपर उघडायची भीती वाटायची. मग नाझी आले. ज्यू म्हणून संपादकानं एका दिवसात घरी बसवलं. हे लंडनला पळून आले, आई तिथेच राहिली. तिचं पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

शब्दांवर जगणारा माणूस, आणि इथे इंग्रजी येईना! कित्येक वर्षं फॅक्टरीत खोकी चिकटवली. युद्धानंतर जर्मन पेपरांनी पुन्हा विचारलं, तेव्हा लंडनच्या नाटकांवर लिहू लागले. परत मात्र कधी गेले नाहीत.

आणि मी? लंडनच्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीसाठी तीन अंकी नाटक लिहून बसलेलो! असा समीक्षक आयता मिळाल्यावर सोडतोय का? मंडळात सगळ्यांना सांगूनही टाकलं!

एका दुपारी नाटकाचं इंग्रजी करून वाचायलाच बसलो. दुसऱ्या अंकात त्यांच्या डोळ्यांत पाणी! अहो, मी हवेतच! तेवढ्यात सिस्टर डोकावली.

"डॉक्टर, जरा..."

"आत्ता नको सिस्टर, सीन रंगलाय!"

परत आली. परत घालवली.

लिंडनरनी पलंगाची कड घट्ट धरली. "गेनूग... गेनूग..."

मला वाटलं, जर्मनमध्ये 'जीनियस' म्हणतायत! मी आवाज चढवला. नायिकेचे संवाद तर बायकी आवाजात म्हटले!

तिसऱ्यांदा सिस्टर तडक आत शिरली. "डॉक्टर, मॉर्फिनची वेळ कधीच टळून गेलीय! ते दुखण्यानं रडतायत! आणि 'पुरे' म्हणतायत, पुरे! आठवडाभर ऐकतेय मी तो शब्द."

पानं हातातून गळाली. मी डॉक्टर हो! पेशंटच्या डोळ्यांतलं पाणी मला कळू नये?

इंजेक्शननंतर ते निवले. मी कसंबसं म्हटलं, "आय ॲम सॉरी, मिस्टर लिंडनर."

डोळे मिटूनच म्हणाले, "वाईट नाटकातून मी नेहमी मध्यंतरात उठून जायचो, डॉक्टर. आज उठता आलं नाही."

चार दिवसांनी ते गेले.

त्या रविवारी स्टॅनमोरला मंडळाच्या तालमीत सगळ्यांनी मला गराडा घातला. "काय रे, तुझे क्रिटिक काय म्हणाले?"

खरं सांगायला तोंड उघडलं, आणि निघालं भलतंच. "शेवटपर्यंत जागचे हलले नाहीत!"

टाळ्या पडल्या हो! त्या नाटकाला मिळालेल्या तेवढ्याच.