पुढचं मागे, मागचं पुढे

चाळीत कुणाकडे लोणच्याच्या बरण्या साठतात, कुणाकडे रद्दी. आमच्याकडे टायरचे किस्से! एक विसरावा म्हटलं की दारात दुसरा उभा. लालबागच्या आमच्या खोल्यांमागे एक जुनी मोटार असे. मालक तिघं: शाळामास्तर असलेले आमचे हे, ती चालवणारे माझे धाकटे दीर वसंतभावजी आणि शेजारचे सावंतमामा, गिरणीतले जॉबर, म्हणजे मुकादम. मोटार एक, मतं तीन.

दादरच्या सर्कलला वळसे घेऊन घेऊन पुढचं डावं टायर बाकीच्यांच्या आधी झिजे. त्यावरच्या खाचा, ह्या मंडळींच्या भाषेत 'नक्षी', पार पुसट झालेली. चाकं आपसांत फिरवली की सगळी सारखी झिजतात, इथवर दोघा भावांचं एकमत. कुठलं कुठे लावायचं, इथून महाभारत!

मला काय त्याचं? पण पुण्याला माझे वडील, नाना, आजारपणाने अंथरुणाला खिळलेले. त्यांनी माझ्या चिमीला अजून पाहिलं नव्हतं. जायचं याच मोटारीने, तान्ह्या मुलीला घेऊन, बोरघाट चढून. उकळलेली दुधाची बाटली पुन्हा उकळणारी बाई मी. गुळगुळीत चाकावर घाट म्हटल्यावर मला घास जाईना.

*

ह्यांच्यापाशी गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक होतं. त्यातली पद्धत तिरपी: पुढचं डावं मागे उजवीकडे, असं काहीतरी. मला कळावं म्हणून ह्यांनी जेवणाआधी जमिनीवर चार वाट्या मांडल्या आणि तिरप्या सरकवू लागले. मीही शिकल्यासवरल्या बाईसारखी मान डोलावत होते. तेवढ्यात सासूबाईंनी त्याच वाट्यांत आमटी वाढली. भावजींनी एक उचलून तोंडाला लावली.

"अरे ठेव! मागचं उजवं आहे ते!" हे ओरडले.

"मीठ कमी आहे त्याला," भावजी म्हणाले.

*

भावजींची पद्धत सरळ. पुढचं मागे, मागचं पुढे, बाजू बदलायची नाही. सावंतमामांना दोन्ही अमान्य. "जेची जागा तेका! माझ्या सांच्यावरचो धोटो कधी दुसऱ्या सांच्यावर गेलो नाय!" मामांचा साचा म्हणजे कापडाचा माग, धोटा त्यात धागा घेऊन धावणारा.

मग प्रश्न निघाला स्टेपनीचा. ते पाचवं चाक या फिरवाफिरवीत घ्यायचं की नाही? हे नुकतेच संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यातून आलेले, घसा बसलेला.

"स्टेपनीसह!" हे त्या बसल्या घशाने गरजले.

"नाही दादा, स्टेपनी वेगळी राहील."

वेगळी! हे असे लाल झाले, की वाटावं मुंबई तोडायला भावजीच दिल्लीहून आलेत.

शेवटी सासूबाई कडाडल्या, "आधी ती माझ्या पलंगाखालून काढा. मग कुठे हवी तिथे सामील करा!"

*

घोटाळा नको म्हणून एकदा मामांनी प्रत्येक टायरवर खडूने लिहिलं: पु.डा., पु.उ., मा.डा., मा.उ. दिवस चळवळीचे. नाक्यावर हवालदाराने गाडी अडवली.

"हे कसले संकेत? कुणाला पोचवताय?"

झालं! हे मास्तर खाली उतरले आणि भर उन्हात त्याला नक्षीची झीज शिकवायला बसले. फुटपाथवर आकृतीसुद्धा काढली. मी चिमीवर पदर धरून गाडीत घामाघूम. हवालदाराने सगळं ऐकलं, टोपी काढून कपाळ पुसलं.

"जा बाबा, जा! ह्यापेक्षा मोर्चा परवडला!"

*

एकदा मीच तोंड उघडलं. म्हटलं, "सगळी चाकं सारखी झिजली, तर सगळी एकाच दिवशी गुळगुळीत होतील ना? मग काय करायचं?"

हे पुस्तकाची पानं उलटू लागले. पुस्तकात हे नव्हतं.

"वहिनी," भावजी अखेर म्हणाले, "चिमी रडतेय बहुतेक."

चिमी माझ्याच मांडीवर होती. हसत होती.

*

अखेर पुण्याला निघालो. मामा कामावर, आम्ही चौघंच, चिमी धरून. घाटाच्या पायथ्याशी इंजिनात पाणी घालायला थांबलो. मी सहज पुढचं डावं चाक पाहिलं. चिमीच्या टाळूसारखं तुळतुळीत!

"अहो, हे बदलणार होतात ना?"

"बदललं! काल सकाळीच. म्हटलं वसंताच्या मनासारखं होऊ दे, म्हणून त्याच्याच पद्धतीने. पुढचं मागे, मागचं पुढे."

भावजींच्या हातातला डबा तसाच राहिला. "सकाळी? दादा, मी दुपारी बदललं! पुढचं मागे, मागचं पुढे!"

"मग नक्षी नाही पाहिलीस?"

"पद्धत म्हणजे पद्धत! नक्षी बघत बसलो तर ती पद्धत कसली?"

दोघांनी जॅक काढला. आणि जॅक लावायच्या आधी, त्या घाटाखाली, तिरपं की सरळ हे पुन्हा सुरू! मागून पुण्याची एस.टी. येत होती. मी हात केला आणि चिमीला घेऊन चढले. हाक मारत होते बहुतेक. मी मागे पाहिलं नाही.

नानांनी नातीला मांडीवर घेतलं. नुसती तिची बोटं मोजत बसले. आई डोळे पुसत होती. मीही.

संध्याकाळ व्हायच्या आत दोघे भाऊ दारात हजर, कोपरापर्यंत काळे. नानांनी विचारलं, "उशीर का झाला?" ह्यांनी सांगितलं. सगळं, अगदी नक्षीसकट.

नानांनी चिमीला माझ्या हातात दिलं. कित्येक आठवड्यांत कुशीवर वळायलाही ज्यांना माणूस लागत होतं, ते माझे वडील भिंतीला धरून उठले, पायांनी वहाणा चाचपल्या आणि दाराकडे निघाले.

"पण जावईबापू," नाना म्हणाले, "तिरपं का नाही केलंत?"